ओकच्या काठाने, फाइवोल ऐकत

हे 1927 साल आहे. चार दिवसांपूर्वी भिजलेला सदरा अजून अंगावर ओलाच आहे आणि तो वाळण्याची आशा तुम्ही सोडून दिली आहे. न्यू गिनी बेटाच्या मध्यभागी, फ्लाय नदीच्या उगमाकडच्या या डोंगरांत पाऊस बारा महिने पडतो, काही जागी वर्षाला आठ मीटरच्या आसपास. पायाखाली चुनखडीचे धारदार दगड, त्यांच्यावर शेवाळ, शेवाळावर मुळांचं जाळं. समोर ढगांत अर्धी बुडालेली हिंडेनबर्गची भिंत आहे. मैलोन् मैल पसरलेला आणि ठिकठिकाणी किलोमीटरभर उंच असलेला हा कातळकडा पाहिला की पलीकडे जायला वाट असेल यावर विश्वास बसत नाही.

तुमच्या पुढे हमालांची रांग आहे, आपसात मोटू भाषेत बोलणारे पोलीस आहेत, आणि सगळ्यांच्या पुढे तेवीस वर्षांचा एक अधिकारी, आयव्हन चॅम्पियन. हा दक्षिणेचा पापुआ प्रांत ऑस्ट्रेलियाच्या ताब्यात आहे. फ्लाय नदीने वर चढायचं, मधली पर्वतरांग ओलांडायची आणि उत्तरेकडे सेपिक नदीला उतरायचं, अशी ही मोहीम. तिचा प्रमुख चार्ल्स कारियस वेगळ्या दिशेने गेला आहे आणि वाट शोधता शोधता तो स्ट्रिकलँड नदीवर पोहोचणार आहे. चॅम्पियनची तुकडी मात्र एका वस्तीवर येऊन थांबते. वस्तीचं नाव बोलिविप.

लोक सामोरे येतात. पुरुषांच्या कमरेला वेताची कडी आहेत, पुढे लाज झाकायला सुक्या भोपळ्याची नळी. थोड्या अंतरावर बायका आहेत, कपाळावरून पाठीवर सोडलेल्या विणलेल्या झोळ्या घेतलेल्या. कुणीतरी भाजलेल्या अळकुड्या पुढे करतं. तुम्ही खाता. आत पिठूळ, बाहेर राखेची चव. मग बोलायची वेळ येते आणि सगळी मोहीम मुकी होते. किनाऱ्यावर चालणारी मोटू इथे कुणाला कळत नाही, इंग्रजीचा प्रश्नच नाही. खुणा, हसू, पोलादी सुऱ्या, मणी यांवर काम चालतं.

तुम्ही मात्र कान देऊन ऐका. खालच्या ओढ्याकडे बोट दाखवलं की ‘ओक’ हा शब्द येतो. पाणीही ओक, नदीही ओक. पुढे भाषाशास्त्रज्ञ या शब्दावरूनच इथल्या सगळ्या भाषाकुळाला ओक म्हणतील. 1964 मध्ये ॲलन हीली त्या कुळावर प्रबंध लिहितील. तेलेफोल, तिफाल, मियान, बिमिन, उरापमिन आणि तुम्ही आत्ता ऐकताय ती फाइवोल ही या कुळाची डोंगरी शाखा. माणसांच्या गटांच्या नावांना मागे ‘मिन’ लागतं, म्हणून ही भाषा बोलणारे फाइवोलमिन. बोलिविपचे लोक त्यांतले अंकायाकमिन.

एक म्हातारा तुमच्या तुकडीतली माणसं मोजू लागतो. डाव्या हाताच्या करंगळीपासून निघतो, अंगठ्याशी पाच होतात, मग मनगट, कोपरापुढचा हात, कोपर, दंड, खांदा, मान, कान, डोळा. नाकाशी आला की चौदा. तिथून तो चेहऱ्याच्या दुसऱ्या बाजूने खाली उतरतो आणि उजव्या करंगळीशी सत्तावीसवर थांबतो. डोंगरी ओक भाषांमध्ये मोजणी अशी अख्ख्या अंगावरून फिरते. शब्द कानावर पडला नाही तरी बोट कुठे टेकलंय ते पाहून आकडा कळतो. या प्रवासात तुम्हाला पहिल्यांदा काही समजतं ते इथेच.

वर्षाच्या शेवटी कारियस आणि चॅम्पियन दोघेही परत बोलिविपला येतील. या वेळी इथलीच माणसं त्यांना कड्यावरून पलीकडे घेऊन जातील आणि 1928 च्या सुरुवातीला ते सेपिकवर वाट पाहणाऱ्या एलेव्हाला नावेला गाठतील. फ्लायपासून सेपिकपर्यंत बेट ओलांडल्याचा मान त्या दोघांच्या नावावर जमा होईल, चॅम्पियनचं पुस्तक 1932 मध्ये निघेल. वाट दाखवणाऱ्यांना ती वाट आधीपासून ठाऊक होती, हे विसरू नका. त्यांच्या बोलण्यात त्या कड्याच्या प्रत्येक खिंडीला आणि प्रत्येक ओढ्याला नाव होतं.

आता चाळीस वर्षं पुढे या. 1968.

जागा बोलिविपपासून फार लांब नाही, तरी पायी जायला अवघड. हे बक्तामान. भाषा तीच, फाइवोल. वस्ती लहानशी, माणसं 183. सरकारी गस्त इथे पहिल्यांदा येऊन चारच वर्षं झाली आहेत. एका घरात नॉर्वेचे मानववंशशास्त्रज्ञ फ्रेडरिक बार्थ राहायला आले आहेत, वय एकोणचाळीस. स्वातच्या पठाणांवर आणि इराणच्या बास्सेरी भटक्यांवर त्यांनी लिहिलेलं जगभर वाचलं गेलं आहे. इथे आल्यावर त्यांना पुन्हा बाळासारखं बोलायला शिकावं लागतं आहे.

वस्तीत दोन देवघरं आहेत, कातियाम आणि योलाम. दोन्ही शब्दांच्या शेवटी असलेलं ‘आम’ म्हणजे घर. आत पूर्वजांची हाडं आहेत, पवित्र अग्नी आहे, शिकारीतल्या प्राण्यांचे जबडे आहेत. आत कुणी यायचं ते ठरलेलं आहे. बक्तामानचा मुलगा पुरुष होतो तो सात पायऱ्यांनी. प्रत्येक पायरीला एक दीक्षा, प्रत्येक दीक्षेत यातना: अंगाला आग लावणाऱ्या पाल्याचे फटके, तहान, निखाऱ्यांची धग. आणि प्रत्येक दीक्षेत नवं ज्ञान. त्या ज्ञानाचा पहिला भाग बहुधा असा असतो की मागच्या पायरीला जे सांगितलं होतं ते खरं नव्हतं.

इथे थांबून विचार करा. आपण ज्या जगात वाढलो तिथे ज्ञान वाटल्याने वाढतं, ही आपली खात्री. बक्तामानमध्ये ते राखल्याने वजनदार होतं. वडीलधाऱ्याकडचं जे गुपित धाकट्याला ठाऊक नाही, त्याच गुपिताने अळकुड्या पिकतात, डुकरं पुष्ट होतात, पोरं वाढतात. बार्थ यांच्या ध्यानात आणखी एक गोष्ट येते. या विधींचा अर्थ कुणी फारसा बोलून सांगत नाही. अर्थ वस्तूंतून येतो. पहाटेचं दव कुठून येतं हे दिसत नाही, तरी पानांवर साठत जातं. म्हणून दव हे वाढीचं रूप. प्राण्याची लव, माणसाचे केस, अळूची पानं, हे सगळं उगवतं, आणि उगवण्याची ताकद एकातून दुसऱ्यात नेता येते. प्रश्न विचारून उत्तर घ्यायला गेलात तर हे हाती लागत नाही. बार्थ म्हणून प्रश्न आवरते घेतात, पाहतात, लोक आपसात काय बोलतात ते ऐकतात.

दीक्षेचा मोठा विधी रोज होत नाही, कधी कधी मध्ये दहा वर्षं जातात. तेवढा काळ तो सगळा एका-दोघा जाणत्यांच्या मनात राहतो. लिहून ठेवलेलं काही नाही आणि मोठ्याने बोलून ताजं ठेवायची सोयही नाही, कारण ते गुपित आहे. पुन्हा वेळ आली की तो जाणता आठवतो, आठवताना थोडं बदलतो, थोडं नवं घालतो. डोंगरापलीकडच्या वस्तीत तोच विधी म्हणूनच वेगळा दिसतो. बार्थ यांच्या 1987 च्या पुस्तकाचा सगळा डोलारा या एका निरीक्षणावर उभा आहे. आणि जाणता माणूस विधी सोपवण्याआधीच गेला, तर?

कातियामचं दार समोर आहे. तुम्ही आत जाणार नाही. तुमची एकही पायरी झालेली नाही. आत जे घडतं ते बार्थ यांनी 1975 च्या पुस्तकात लिहिलं आहे, ते पुस्तक मोठं आहे आणि त्याने मानववंशशास्त्राला खूप दिलं. पण माझं म्हणणं असं, की भाषा ऐकायची असेल तर या दाराकडे पाठ करा आणि बायकांमागे बागेत चला.

वाट निसरडी आहे. जंगल तोडून केलेल्या उतारावर अळू लावलेला आहे, पडलेल्या खोडांच्या मधल्या जागेत. एक बाई काठीने माती उकरते, कंद काढते, पानांचा शेंडा कापून परत रोवते. बोलणं थांबत नाही. मुलाला हाक, डुकराला हाक, वरच्या बागेतल्या बहिणीला दरीपलीकडून हेल काढून निरोप. काल काय झालं ते ती सांगते आहे, आणि वाक्य संपतच नाही. क्रियापदामागून क्रियापद येतं, काळ आणि माणूस कोण ते शेवटच्या क्रियापदावर कळतं.

मराठी कानाला ही रचना परकी वाटणार नाही. ‘जाऊन, उकरून, सोलून, भाजून खाल्लं’ असं आपणही म्हणतो. पण आपल्या ‘ऊन’मध्ये सगळी कामं बहुधा एकानेच केलेली असतात. ओक कुळात क्रियापदाचा प्रत्ययच आधी सांगून ठेवतो की पुढचं काम करणारा हाच, की आता कर्ता बदलणार. तिने उकरलं आणि तिनेच खाल्लं, की तिने उकरलं आणि दुसऱ्याने खाल्लं, हे ऐकणाऱ्याला पुढचा शब्द यायच्या आधी ठाऊक असतं. अंधाऱ्या घरात शेकोटीभोवती, चेहरे दिसत नसताना सांगितलेल्या लांबलचक गोष्टीत कोण कुणाला भेटलं याचा गोंधळ का होत नाही, ते इथे उमगतं.

या कुळाच्या तेलेफोल आणि मियान भाषांमध्ये दोन नातेवाइकांच्या जोडीला मिळून एकच शब्द असतो. आपल्या बापलेक, मायलेकी, नणंदाभावजया यांच्यासारखा, फक्त आपण दोन शब्द जोडतो आणि त्यांच्याकडे जोडीचा शब्द स्वतंत्र असतो. मियानचं सविस्तर व्याकरण सेबास्टियन फेडन यांनी 2011 मध्ये लिहिलं, म्हणून मियानबद्दल असं ठामपणे बोलता येतं. फाइवोलच्या बाबतीत बार्थ यांच्या वहीत कातियाम भरून आहे आणि बाग पुसटशी आहे. तो त्यांचा दोष मी म्हणणार नाही. पुरुष असल्यामुळे त्यांना एक जग खुलं झालं आणि दुसरं झालं नाही.

1974. आता तुम्ही एका टेबलाशी बसला आहात. टेप फिरते आहे. मिशनसाठी काम करणारे भाषाशास्त्रज्ञ फाइवोलच्या ध्वनींचा अभ्यास पूर्ण करत आहेत. तो याच वर्षी छापला जाईल. समोर बसलेला माणूस एकच शब्द पुन्हा पुन्हा उच्चारतो, कंटाळत नाही, कधीकधी तुमचा उच्चार ऐकून हसतो. ध्वनींचं काम किती जिकिरीचं असतं ते नकाशा उघडला की दिसतं: ओल्सोबिपच्या शेवटी ‘बिप’ लिहिलेलं आहे, बोलिविपच्या शेवटी ‘विप’. गावाचा अर्थ असलेलं शेपूट एकच, ते दोन वेगवेगळ्या कानांनी टिपलं. फाइवोल बोलणाऱ्याला त्यात फरक वाटतो का? त्याच्या मनात हे दोन ध्वनी आहेत की एकच, जो शेजारच्या स्वरांमुळे सैल होतो? असे प्रश्न सुटल्याशिवाय लिपी बसवता येत नाही आणि लिपी बसवल्याशिवाय बायबल, वाचनपाठ, पत्र यांतलं काही होत नाही. लिपी आली ती धर्मांतराच्या कामातून आली, हे खरं. त्या लिपीत आज कुणी आपल्या आजीची गोष्ट लिहू शकतो, हेही तितकंच खरं.

पुढच्याच वर्षी, 16 सप्टेंबर 1975 ला, पापुआ न्यू गिनी स्वतंत्र होतो. आठशेहून अधिक भाषांचा देश. त्यातल्या काही हजार लोकांची भाषा असलेल्या फाइवोलच्या वाट्याला वेस्टर्न प्रोव्हिन्सचा उत्तर कोपरा येतो, जिथे रस्ता नाही. ओल्सोबिपला गवताची धावपट्टी आहे, बोलिविपलाही आहे. मीठ, औषध, शिक्षक, पाद्री लहान विमानातून येतात, ढग असले की येत नाहीत. दशक संपता संपता ‘रेबाइबल’ येतं. देशभर चालणाऱ्या टोक पिसिन भाषेत या ख्रिस्ती जागरणाला असं म्हणतात. लोक थरथरतात, रडतात, पापं कबूल करतात, आणि या सगळ्या ‘मिन’ गटांच्या प्रदेशात कितीतरी ठिकाणी पूर्वजांची देवघरं मोडली जातात. पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलेली हाडं टाकून दिली जातात. हे बाहेरच्यांनी केलं नाही, लोकांनी स्वतः केलं, पूर्ण विश्वासाने. तुम्ही त्यांच्या जागी उभे नाही आहात, म्हणून न्याय करू नका. पण एवढं नोंदवा: जे फक्त दोघा-तिघांच्या मनात होतं, ते सोपवायची रीतच आता उरली नाही.

1984 मध्ये पश्चिमेकडे या. इथे वोपकाइमिन लोकांचा डोंगर होता, माउंट फुबिलान. वोपकाइमिनही फाइवोलच बोलतात, आपल्या बोलीत. या डोंगरात तांबं आणि सोनं निघालं. ताबुबिल नावाचं अख्खं शहर जंगलात वसवलं गेलं. ओक तेडी खाणीचं उत्पादन याच वर्षी सुरू झालं, आणि खाणीचा गाळ अडवणारं ओक मा इथलं धरणाचं काम याच वर्षी दरड कोसळून निकामी झालं. त्यानंतर गाळ नदीतच सोडला गेला. तो फ्लायपर्यंत गेला, नदीचं पात्र भरलं, काठची जंगलं पाण्यात उभी राहून सुकली. खटला झाला, 1996 मध्ये तडजोड झाली, 2002 मध्ये खाण चालवणारी बीएचपी कंपनी बाहेर पडली. फुबिलानच्या जागी आज खोल खड्डा आहे.

ताबुबिलच्या बाजारात उभे राहा आणि ऐका. देशाच्या सगळ्या टोकांवरून आलेले मजूर टोक पिसिनमध्ये बोलताहेत. वोपकाइमिनचा तरुण खाणीत काम करतो, कँटीनमध्ये टोक पिसिन बोलतो, घरी आल्यावर आईशी फाइवोल. त्याचं पोर? शाळेतल्या मित्रांशी फाइवोल बोलून काय करणार? डेव्हिड हिंडमन यांनी वोपकाइमिनच्या जंगलावर आणि या सोन्याच्या डोंगरावर 1994 मध्ये पुस्तक लिहिलं. बार्थ आणि उनी विकान यांनी 1982 मध्येच खाणीच्या सांस्कृतिक परिणामांचा अहवाल दिला होता. सांगणाऱ्यांनी वेळेवर सांगितलं होतं, ही गोष्ट मला अस्वस्थ करते.

शाळेच्या बाबतीत मात्र एक उमेदीचा काळ आला. 1993 पासून पापुआ न्यू गिनीने पहिल्या वर्गांचं शिक्षण मुलांच्या घरच्या भाषेत सुरू केलं. शेकडो भाषांत फळे रंगले, हातांनी पुस्तकं तयार झाली. ज्या देशाकडे पैसा कमी आणि भाषा सगळ्यांत जास्त, त्याने हे धाडस केलं. याबद्दल मला त्या देशाचा मनापासून आदर आहे. शिक्षक पुरेसे तयार झाले नाहीत, पुस्तकं पोहोचली नाहीत, पालकांना इंग्रजी हवी होती. 2013 मध्ये धोरण बदललं आणि पहिल्या दिवसापासून इंग्रजी आली.

याच काळात बोलिविपला मानववंशशास्त्रज्ञ टोनी क्रूक राहून गेले. 2007 मध्ये त्यांचं पुस्तक आलं. बोलिविपमध्ये ज्ञान कसं देतात याबद्दलचं त्यांचं म्हणणं मला या सगळ्या वाचनात सर्वांत मोलाचं वाटलं. धाकटा माणूस मोठ्याला खाऊ घालतो, त्याची काळजी घेतो, त्याच्याजवळ बसतो. मोठा त्याला थोडं सांगतो, अर्धं सांगतो. उरलेलं अर्धं दुसऱ्या कुणाकडे असतं. माणसं अशी एकमेकांची त्वचा घडवत जातात आणि त्यातून ज्ञान सरकतं. मिन लोकांचा अभ्यास करणारे अभ्यासक वर्षानुवर्षं एका कोड्यात अडकले होते, की इतकी माहिती मिळूनही अर्थ का जुळत नाही. क्रूक यांच्या मते अडचण अभ्यासकांच्या ज्ञानाच्या कल्पनेत होती. माहिती माणसापासून वेगळी काढून नेता येते, असं त्यांनी गृहीत धरलं होतं.

हे वाचल्यावर फाइवोलचं दस्तऐवजीकरण कसं व्हावं, याचं उत्तर मला तरी स्पष्ट दिसतं. बाहेरून कुणी तीन महिन्यांसाठी येऊन शब्द भरून न्यायचे, हे पुरत नाही. फाइवोल बोलणाऱ्या तरुणांनीच ते करायला हवं, ज्यांना म्हाताऱ्यांजवळ बसता येतं, त्यांच्यासाठी लाकडं फोडता येतात, अळकुड्या भाजून देता येतात. ताबुबिलमध्ये शिकलेली, फोन वापरणारी, फाइवोल लिहिता येणारी मुलं आहेत. भाषाशास्त्रज्ञाने त्यांना साधनं द्यावीत, ध्वनी कसे मांडायचे, वाक्य कसं सोडवायचं ते शिकवावं, आणि त्यांच्याबरोबर बसून मियानइतकं भरीव व्याकरण फाइवोलला मिळवून द्यावं. काय जगासमोर ठेवायचं आणि काय वस्तीतच राहू द्यायचं, हे त्यांनीच ठरवावं. ज्या लोकांनी ज्ञान देण्याच्या सात पायऱ्या बांधल्या, त्यांना परवानगी या गोष्टीचा अर्थ कुणी शिकवायची गरज नाही.

आता शेवटची उडी, आजच्या दिवसात. ओल्सोबिपवरून चालत दोन ओढे ओलांडून तुम्ही एका बागेत आला आहात. एक मुलगी फोनवर आजीचं बोलणं ध्वनिमुद्रित करते आहे. आजी अळूच्या जातींची नावं सांगते आहे: कोणती ओल्या मातीत लावायची, कोणती उंचावर, कोणती पाहुण्यासाठी राखायची. शेजारची बाई मध्येच बोलते, हे नाव तू चुकीचं सांगितलंस, ती जात माझ्या आईच्या गावाकडची आहे. आजी ऐकून घेत नाही. दोघींचा वाद वाढतो, आणखी एक जण कुंपणाजवळून तिसरं नाव ओरडून सांगते. मुलगी मुद्रण थांबवत नाही. वहीत ती तिन्ही नावं लिहिते, प्रत्येक नावापुढे ते कुणी सांगितलं ते लिहिते, आणि मग आजीला विचारते की त्या गावाकडची जात आपल्याकडे कशी आली.